सिंगापूर ते मुदा: पाऊस तोच, पाणी वेगळं

सोमवार, सिंगापूर

सुमात्रा बेटावर रात्री तयार झालेला ढगांचा पट्टा सामुद्रधुनी ओलांडून पहाटे सिंगापूरवर येऊन आदळतो. एप्रिल ते नोव्हेंबर या काळात हे अधूनमधून घडतं. ऑक्टोबरात आलेल्या आम्हाला पहिल्याच सकाळी त्याचा प्रसाद मिळाला. तासभर नुसता दणका. वारा, गडगडाट, समोरच्या इमारती दिसेनाशा. नऊ वाजेपर्यंत लख्ख ऊन आणि रस्ते जवळजवळ कोरडे.

मी निवृत्त भूगोल शिक्षिका, हे निवृत्त बँकवाले. सहल ठरवताना ह्यांची एकच अट होती: विमान फक्त जाता-येता, मधला सगळा प्रवास बसने आणि रेल्वेने. मलाही तेच हवं होतं. सिंगापूरहून निघायचं, मलेशियाच्या पश्चिम किनाऱ्याने वर पेनांगपर्यंत जायचं आणि वाटेत पाऊस अन् पाणी बघायचं. दोन्ही देश विषुववृत्ताच्या कुशीतले, दोन्हीकडे बारमाही पाऊस. सिंगापूरच्या चांगी हवामान केंद्रावरची वार्षिक सरासरी सुमारे 2,100 मिलिमीटर, मलेशियाची 2,900 च्या आसपास. आभाळाने फार भेदभाव केलेला नाही. पण निसर्गातून दरवर्षी मिळणारं गोडं पाणी लोकसंख्येने भागलं तर मलेशियात माणशी सुमारे 17,000 घनमीटर येतात आणि सिंगापुरात जेमतेम 100. हे आकडे मी फळ्यावर लिहिले असते तर बाईंचं शून्य चुकलं म्हणून निम्म्या वर्गाने हात वर केला असता.

नाश्त्याला ह्यांनी कागदी रुमालावर हिशेब मांडला. बेटाचं क्षेत्रफळ सुमारे 735 चौरस किलोमीटर. त्यावर 2.1 मीटर पाऊस, म्हणजे वर्षाला साधारण 154 कोटी घनमीटर. देशाचा वापर दिवसाला 20 लाख घनमीटर, म्हणजे वर्षाला 73 कोटी. "अगं, पडतं त्याच्या निम्मंच तर वापरतात. मग टंचाई कसली?" प्रश्न बिनतोड होता, पण पावसातला मोठा वाटा वाफ होऊन आणि झाडांमधून परत वर जातो, आणि उरलेला तासाभरात समुद्र गाठतो. सपाट, चिंचोळं बेट, लांब नद्या नाहीत, पाणी धरून ठेवतील असे मोठे भूजलाचे साठेही नाहीत. पाऊस भरपूर आहे, तो अडवायला जागा नाही.

ती जागा त्यांनी कशी काढली हे बघायला दुपारी मरीना बराजवर गेलो. शहराच्या ऐन मध्यात खाडीच्या तोंडावर साडेतीनशे मीटरचं धरण, नऊ दरवाजे. 2008 साली ते सुरू झालं आणि एकेकाळी खारं असलेलं खाडीचं पाणी पावसाने हळूहळू धुऊन निघत 2010 च्या अखेरीला गोडं झालं. देशाच्या एक षष्ठांश भूभागावरचं पाणी इथे जमतं, आणि तो भूभाग म्हणजे बँकांच्या इमारती, बाजारपेठा, हमरस्ते. भरती आणि मोठा पाऊस एकाच वेळी आला तर दरवाजे उघडून उपयोग नसतो, उलट समुद्रच आत येईल. तेव्हा सात प्रचंड पंप पाणी उपसून बाहेर टाकतात. धरणाच्या पंपगृहावर हिरवळीचं छत आहे आणि तिथे पोरं पतंग उडवतात. पिण्याच्या पाण्याच्या धरणावर अशी जत्रा मी आधी पाहिली नव्हती.

शहराच्या मध्यात पिण्याचं पाणी साठवायचं तर आधी शहर स्वच्छ हवं. सिंगापूर नदीची सफाई 1977 ला सुरू झाली आणि दहा वर्षं चालली. नदीकाठची डुकरांची खुराडी, बदकपालन, नावांची दुरुस्ती, फेरीवाले, सगळं हलवलं. त्यात कितीतरी लोकांचा धंदा गेला असणार. बराजमधल्या प्रदर्शनाचा सूर अर्थातच अभिमानाचा आहे.

मंगळवार, सिंगापूर

सकाळी मॅकरिची जलाशय. 1868 सालचा, देशातला सर्वांत जुना. भोवती जंगल, माकडं आणि पळणारे लोक. इथून बिशानच्या उद्यानात गेलो. कलांग नदीचा इथला तुकडा म्हणजे पूर्वी काँक्रीटचा सरळ कालवा होता. 2012 मध्ये तो फोडून पुन्हा वळणं घेणारी नदी केली. पाणी घोट्याएवढं, त्यात आजोबा-नातू मासे शोधत होते. पाऊस वाढला की भोंगे वाजतात आणि सगळ्यांनी काठावर यायचं.

बेटाच्या दोन तृतीयांश भागावरचं पावसाचं पाणी आज सतरा जलाशयांत गोळा केलं जातं. पावसाळ्यात गळक्या घरात जिथे पागोळी तिथे भांडं लावतात, तसा हा देश आहे. आणि तरीही भागत नाही. म्हणून दोन आणखी वाटा: सांडपाणी आणि समुद्र.

सांडपाण्यापासून केलेल्या पाण्याला ‘न्यूवॉटर’ असं गोंडस नाव आहे. सूक्ष्म गाळण, मग रिव्हर्स ऑस्मोसिस, मग अतिनील किरण. 2003 पासून ते सर्रास वापरात आलं. त्याआधी 2002 च्या राष्ट्रीय दिनाच्या संचलनात हजारो लोकांना त्याच्या बाटल्या वाटल्या आणि पंतप्रधानांसकट सगळ्यांनी एकदम तोंडाला लावल्या. किळस घालवण्याचा हा उपाय मला फार आवडतो. प्रत्यक्षात ते बहुतेक कारखान्यांना, विशेषतः चिप बनवणाऱ्यांना जातं, कारण त्यांना नळाच्या पाण्याहूनही शुद्ध पाणी लागतं. थोडं जलाशयांत सोडतात.

समुद्राचं पाणी गोडं करणारी पाच केंद्रं आहेत. मरीना ईस्टचं केंद्र तर दुतोंडी आहे: जलाशयात पावसाचं पाणी असेल तेव्हा ते शुद्ध करायचं, नसेल तेव्हा समुद्राचं. खर्च विजेचा. धरणाचं पाणी शुद्ध करायला घनमीटरमागे सुमारे 0.2 युनिट वीज लागते, न्यूवॉटरला एक, समुद्राच्या पाण्याला साडेतीन. ह्यांनी लगेच दर विचारला. घरगुती पाणीपट्टी एप्रिल 2025 पासून घनमीटरला 3.24 सिंगापूर डॉलर, त्यात सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्चही आला. "म्हणजे इथे नळ उघडा ठेवून दात घासणं परवडायचं नाही," हे म्हणाले. बरोबर. माणशी रोजचा घरगुती वापर 140 लिटरच्या आसपास आहे.

बुधवार, कॉजवे आणि जोहोर बाहरू

क्वीन स्ट्रीटवरून बस. वुडलँड्सला उतरून शिक्का, पुन्हा बस, मग कॉजवे, मग पुन्हा उतरून मलेशियाचा शिक्का. कॉजवे म्हणजे 1924 साली उघडलेला, एक किलोमीटरचा दगडी बांध. रस्ता कोंडलेला असल्याने त्याच्याकडे बघायला भरपूर वेळ मिळाला आणि मला बघायचे होते ते नळही दिसले. कडेने जाणारे हे जाडजूड नळ म्हणजे सिंगापूरच्या पाण्याचा अर्धा इतिहास. जानेवारी 1942 च्या अखेरीला माघार घेणाऱ्या ब्रिटिश फौजेने जपान्यांना रोखायला बांध उडवला, त्यात नळही गेले. पंधरवड्यात सिंगापूर शरण आलं. शहराचं पाणी संपत आलं होतं हे त्यामागचं एक मोठं कारण.

आजचा व्यवहार 1962 च्या कराराचा. जोहोर हे कॉजवेपलीकडचं मलेशियाचं राज्य; तिथल्या जोहोर नदीतून सिंगापूरला दिवसाला 25 कोटी गॅलन पाणी उचलता येतं, 2061 पर्यंत. दर हजार गॅलनला 3 सेन; शंभर सेनांचा एक मलेशियन रिंगिट. हजार गॅलन म्हणजे साडेचार हजार लिटर. सिंगापूर त्यातलं काही पाणी शुद्ध करून जोहोरला परत देतं, हजार गॅलनला 50 सेन दराने. मलेशियात याचा राग आहे आणि तो समजण्यासारखा आहे. साठ वर्षांपूर्वीच्या तीन सेनांत आज काय येतं? सिंगापूरचं म्हणणं असं की 50 सेन हा शुद्धीकरणाच्या खर्चाहून पुष्कळ कमी आहे, आणि 25 वर्षांनी दर बदलायची मुभा होती तेव्हा मलेशियाने ती वापरली नाही. 1965 मध्ये सिंगापूर मलेशियातून वेगळं झालं तेव्हा हे करार विभक्त होण्याच्या करारनाम्यातच बांधले गेले, त्यामुळे एका बाजूने मोडणं सोपं नाही. अशा वेळी तज्ज्ञाचं मत घ्यावं, म्हणून ह्यांना विचारलं. "दोघांचंही बरोबर आहे. असे खटले कधी संपत नाहीत."

एक गोष्ट मात्र सिंगापूरच्या कौतुकात हटकून राहून जाते. 1963 च्या एप्रिलपासून दहा महिने सिंगापुरात पाणीकपात होती. त्या टंचाईतून बाहेर पडून पुढची तीन-चार दशकं हा देश उभा राहिला तो मोठ्या प्रमाणात जोहोरच्या नदीवर. बराज, न्यूवॉटर, समुद्राचं पाणी हे सगळं अलीकडचं.

गुरुवार, कोटा टिंगी

बाहरूहून तासाभरावर. ताडतेलाच्या बागा संपता संपत नाहीत. गावातून जोहोर नदी वाहते, रुंद, मातकट, संथ. तिच्याच काठी सिंगापूरच्या जलमंडळाचं शुद्धीकरण केंद्र आहे, परक्या देशाच्या भूमीवर.

नदी संथ दिसते त्यात एक गोम आहे: भरतीचं खारं पाणी आत शिरतं. कोरड्या महिन्यांत नदीचा जोर कमी झाला की क्षार पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत पोचतात. म्हणून वरच्या अंगाला लिंगिउ धरण बांधलं, 1990 च्या करारानुसार, सिंगापूरच्या पैशाने. तिथून गोडं पाणी सोडून खारं मागे ढकलायचं. ऑक्टोबर 2016 मध्ये लिंगिउचा साठा 20 टक्क्यांवर आला होता. दरसाल दोन मीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या खोऱ्यातलं धरण! शिवाय ताडतेल गिरण्यांचं सांडपाणी नदीत उतरून अमोनिया वाढला की केंद्र बंद ठेवायची पाळी येते, तेही अनेकदा झालं आहे. पाऊस मोजून नदीचं पाणी मोजता येत नाही, हे इथे काठावर उभं राहिलं की पटतं.

याच गावाने उलटी बाजूही पाहिली आहे. डिसेंबर 2006 आणि जानेवारी 2007, लागोपाठ दोन पूर. जोहोरमध्ये लाखाहून जास्त लोकांना घरं सोडावी लागली. आम्ही चहा प्यायलो त्या दुकानाच्या मालकाने भिंतीवर डोक्याच्याही वर हात लावून पातळी दाखवली आणि मग चहात साखर हवी का विचारलं.

शुक्रवार, मलाक्का

डच इमारती, चेंडोल, गर्दी. याबद्दल पुष्कळ लोकांनी पुष्कळ लिहिलं आहे. माझ्या कामाचं एवढंच: 1991 मध्ये इथलं दुरियान तुंगाल धरण आटलं आणि राज्याला कित्येक महिने कपातीवर काढावे लागले. मलाक्का छोटं राज्य, नद्या आखूड, पाऊस देशाच्या सरासरीहून कमी. त्यांनीही जोहोरकडून पाणी घेतलं. म्हणजे जोहोरचं गिऱ्हाईक फक्त सिंगापूर नव्हे.

शनिवार, क्वालालंपूर

दुपारी तीनपर्यंत अंग भाजणारं ऊन, साडेतीनला आभाळ काळं, चारला धो धो. पश्चिम किनाऱ्यावर दोन मोसमांच्या मधल्या या महिन्यांत हा रोजचा कार्यक्रम. आम्ही मशीद जामेकपाशी आडोशाला उभे राहून क्लांग आणि गोंबाक नद्यांचा संगम बघत होतो. वीस मिनिटांत पाण्याचा रंग आणि आवाज दोन्ही बदलले.

या शहराची पहिली चिंता पुराची. त्यासाठी ‘स्मार्ट’ नावाचा 9.7 किलोमीटरचा बोगदा आहे, 2007 पासून. मधल्या टप्प्यात वर गाड्यांचे दोन मजले, खाली पाण्याची वाट. मध्यम पाऊस असेल तर खालून पाणी आणि वरून गाड्या. अतिवृष्टी झाली की वाहतूक बंद करून रस्त्याचे मजलेही पाण्याला मोकळे. इतका चतुर बोगदा असूनही डिसेंबर 2021 मध्ये शेजारच्या शाह आलमच्या वस्त्या छतापर्यंत बुडाल्या, कारण बोगदा शहराच्या गाभ्यासाठी आहे, आख्ख्या खोऱ्यासाठी नाही.

आणि याच खोऱ्याने 2014 पाहिलं. त्या वर्षी जानेवारीच्या मध्यापासून सगळ्या द्वीपकल्पावर पाऊस रुसला. सिंगापुरात सलग 27 दिवस कोरडे गेले; 1869 पासूनच्या नोंदींत इतका कोरडा फेब्रुवारी नव्हता. तिथे काय केलं? न्यूवॉटर आणि समुद्राचं पाणी वाढवलं, जलाशयांत सोडलं, लोकांना जपून वापरा म्हणून सांगितलं. नळ चालू राहिले. इकडे क्वालालंपूरभोवतीच्या सेलांगोर राज्यात फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत फिरती कपात. दोन दिवस पाणी, दोन दिवस कोरडे. बादल्या, टँकर, रांगा. दुष्काळ एकच, अंतर बसने पाच-सहा तासांचं.

मला या तुलनेत सरसकट शाबासकी आणि दटावणी करायची नाही. सिंगापूर एक शहर आहे, एक जलमंडळ आहे, तिजोरी भरलेली आहे. मलेशियात पाणी हा राज्यांचा विषय; प्रत्येक राज्याची नदी वेगळी, पाणीपुरवठ्याची यंत्रणा वेगळी, दर वेगळा. 2006 च्या कायद्याने केंद्राने नियामक आयोग नेमून घडी बसवायचा प्रयत्न केला, पण ते काम सावकाश चाललं आहे. एका बाबतीत मात्र सबब चालत नाही: गळती. शुद्ध करून नळात सोडलेल्या पाण्यातलं एक तृतीयांशाहून जास्त पाणी मलेशियात बिलापर्यंत पोचतच नाही. जुने नळ, बिघडलेले मीटर, चोरी. सिंगापुरात हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आत आहे. ह्यांच्या भाषेत सांगायचं तर इतकं बुडीत कर्ज असलेली बँक एका वर्षात बसते. इथे बसत नाही, कारण वरून रोज चार वाजता नवी ठेव येते.

दर कमी असल्याने नळ बदलायला पैसा नाही, पैसा नाही म्हणून गळती, आणि गळती आहे तर दर कशाला वाढवता म्हणून लोक विचारणार. माणशी रोजचा वापर 200 लिटरच्या वर.

रविवार, क्वालालंपूर ते ताइपिंग

रेल्वे उत्तरेला निघाली की उजव्या हाताला तितिवांग्सा डोंगर दिसतात. या रांगेने द्वीपकल्पाचे पावसाच्या दृष्टीने दोन भाग केले आहेत. ईशान्य मोसमी वारे नोव्हेंबर ते जानेवारीत पूर्व किनाऱ्यावर बदाबदा ओततात. पश्चिमेला त्याचा उरलासुरला वाटा येतो. माणसं आणि कारखाने मात्र पश्चिमेला. मग पूर्वेकडच्या पहांग राज्याचं पाणी सेलांगोरला आणायला याच डोंगराच्या पोटातून 44.6 किलोमीटरचा बोगदा खोदला, तो 2014 मध्ये पुरा झाला. दुष्काळ त्याच वर्षाचा. बोगदा झाला तरी पलीकडचं शुद्धीकरण केंद्र मागे रेंगाळलं आणि पाणी लोकांपर्यंत पोचायला पुढे काही वर्षं गेली.

ताइपिंगला उतरलो ते छत्री उघडूनच. द्वीपकल्पातलं हे सर्वांत ओलं गाव, वर्षाला 4,000 मिलिमीटरच्या आसपास. सामुद्रधुनीवरून आलेली दमट हवा गावामागच्या बुकित लारुतच्या चढाला अडते आणि मोकळी होते. आज पाऊस किती वाजता पडेल यावर इथले लोक पूर्वी पैजा लावायचे असं सांगतात. टेकडीच्या पायथ्याशी 1880 पासूनचं तळ्यांचं उद्यान आहे. ती तळी म्हणजे कथिलाच्या सोडून दिलेल्या खाणी. काठावरचे शिरीषाचे जुने वृक्ष रस्ता ओलांडून पाण्यावर वाकले आहेत. इथे मी काहीही मोजलं नाही. बाकावर बसून भिजले. हे दुकानाच्या पडवीत उभे राहून हातवारे करत होते.

सोमवार, मुदा नदी

पेनांगची हद्द आणि केदाहची हद्द यांच्यामधून मुदा नदी वाहते. उत्तरेकडे केदाह, देशाचं भाताचं कोठार. मुदा आणि पेदू धरणांवर 1970 पासून सुमारे एक लाख हेक्टरात वर्षाला दोन पिकं निघतात, आणि पाण्याचा खरा मोठा गिऱ्हाईक नेहमी शेतीच असते, नळ नव्हे. दक्षिणेकडे पेनांग, कारखान्यांचं राज्य; त्याचं ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी याच नदीतून उचललं जातं.

आणि भांडण ओळखीचं आहे. केदाह म्हणतं, नदीचं वरचं जंगल आम्ही राखतो, तिथली झाडं तोडायची नाहीत म्हणून महसूल सोडतो, तेव्हा पाण्याचे वर्षाला पाच कोटी रिंगिट द्या. पेनांग म्हणतं, नदीचा एक काठ आमचा आहे, त्या काठावरून उचलतो, पैसे कसले? दोन्ही एकाच देशाची राज्यं. कॉजवेवर पारपत्रावर शिक्के असतात एवढाच फरक. जोहोरला निदान तीन सेन मिळतात, केदाहला तेही नाहीत, हे ह्यांनी बरोबर टिपलं.

पेनांगची धरणं लहान, त्यामुळे त्यांचा डोळा बरीच वर्षं शेजारच्या पेराकच्या नदीवर आहे. ताइपिंग त्याच पेराकमधलं. तिथे पावसाचं मोल कुणाला, असं आम्हाला काल वाटलं होतं. पेराकची भूमिका अशी की नदीचं कच्चं पाणी देणार नाही, शुद्ध केलेलं विकत घ्या. कच्चं पाणी स्वस्तात देऊन जोहोरचं काय झालं हे त्यांनी पाहिलेलं आहे.

दुपारी बटरवर्थला परतताना बसमध्ये शेजारच्या बाईंशी बोलणं झालं. जानेवारी 2024 मध्ये नदीजवळच्या सुंगाई दुआ शुद्धीकरण केंद्रातले मुख्य नळांचे दोन जुने व्हॉल्व्ह बदलायचे होते. ती दोन झाकणं बदलेपर्यंत राज्याच्या मोठ्या भागात चार दिवस पाण्याची बोंब होती. तेव्हापासून त्यांनी स्वयंपाकघरात एक निळं पिंप कायमचं ठेवलं आहे. "रोज पाऊस पडतो, मग पिंप कशाला, असं नवरा विचारतो," त्या म्हणाल्या. हे खिडकीबाहेर बघू लागले.